ठिपक्या, बांड्या, कबऱ्या: अनेकरंगी कुत्र्याचे नामकरण

एकरंगी कुत्र्याला रंगावरून नाव देणे सोपे असते. काळा तो काळू, तांबडा तो लाल्या, पांढरा तो मोत्या. अंगावर दोन-तीन रंग असलेल्या कुत्र्यापाशी ही सोय संपते, कारण रंग अनेक आणि नाव एकच हवे. मग लोक तीनपैकी एक वाट धरतात. कुणी सगळ्या अंगाचा मिळून जो भास होतो त्यावरून कबऱ्या म्हणतात, कुणी एखादीच खूण पकडून टिळ्या किंवा चांद्या म्हणतात, आणि कुणी रंगाचा नाद सोडून राजा, ब्रूनो, शेरू अशा तयार नावांकडे वळतात. नवी मुंबईत सानपाडा आणि नेरूळ यांच्या मध्ये वसलेल्या जुईनगरात या तिन्ही वाटांनी आलेली नावे एकाच गल्लीत ऐकू येतात. तेथे नावाची गरजही दोन प्रकारची आहे. एक घरात आणलेल्या पिल्लाची, दुसरी सोसायटीच्या फाटकाशी किंवा स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांपाशी वाढलेल्या देशी कुत्र्याची. पहिल्याला हाक मारायला नाव लागते. दुसऱ्याला ते ओळख पटवायलाही लागते. हा फरक ध्यानात घेतला की नावांची बरीचशी गुंतागुंत सुटते.

मराठीत अनेकरंगी जनावरासाठी शब्दांची ददात नाही. बहुतेक शब्द गुराढोरांच्या आणि घोड्यांच्या व्यवहारातून आले आहेत. मोठमोठे चट्टे असलेला तो बांडा. त्यातही काळाबांडा आणि तांबडाबांडा असे पोटभेद होतात. बारीक, एकमेकांत मिसळलेल्या रंगाचा तो कबरा, आणि चट्टे व ठिपके दोन्ही असतील तर चितकबरा. कपाळावर पांढरा ठसा असलेला बैल चांद्या. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला घोडा पंचकल्याणी, आणि दोन रंगांच्या ठळक चट्ट्यांचा अबलख. पिवळसर-तपकिरी अंगावर काळसर आडवे पट्टे असलेल्या कुत्र्याला सरळ वाघ्या म्हणतात. खरेदी-विक्रीत, हरवल्या-सापडल्यात एक जनावर दुसऱ्यापासून वेगळे सांगता यावे म्हणून हे शब्द घडले, त्यामुळे ते नेमके आहेत. शहरात ते मागे पडले आणि त्यांच्या जागी ‘मिक्स कलर’ हा काहीच न सांगणारा शब्द आला, हे नुकसानच म्हणायचे.

कुत्र्याच्या अंगावरचे सगळे रंग दोनच रंगद्रव्यांतून तयार होतात. युमेलॅनिन काळा किंवा गडद तपकिरी रंग देते, फिओमेलॅनिन पिवळा ते तांबूस. पांढरा हा वेगळा रंग नाही. त्या जागी केसांना रंगद्रव्य मिळालेलेच नसते. क्लॅरेन्स कुक लिटल या अमेरिकी आनुवंशिकी-शास्त्रज्ञाने १९५७ साली कुत्र्यांच्या रंगांच्या आनुवंशिकतेवर ग्रंथ लिहिला आणि रंग ठरवणाऱ्या जागांना इंग्रजी अक्षरांची नावे दिली. ती अक्षरे आजही वापरात आहेत. त्यांतील बहुतेक जागांवरचे जनुक कोणते, हे गेल्या दोन-तीन दशकांत उलगडले. एक जनुक काळा आणि तांबूस यांची वाटणी करते. त्यातूनच काळ्या अंगावर भुवयांच्या जागी, गालांवर आणि पायांवर बदामी ठिपके येतात. दुसऱ्या एका जागेवर पट्ट्यांचा वाघ्या रंग ठरतो. एमआयटीएफ नावाचे जनुक पांढऱ्याचा पसारा ठरवते.

पांढरा रंग छाती, पंजे, शेपटीचे टोक आणि कपाळ याच ठिकाणी सर्वांत आधी दिसतो, त्यालाही कारण आहे. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गर्भावस्थेत पाठीच्या बाजूला तयार होतात आणि तेथून खाली व कडेला सरकत जातात. त्या शेवटपर्यंत पोहोचल्या नाहीत, तर सर्वांत लांबच्या जागा पांढऱ्या राहतात. रशियात नोवोसिबिर्स्क येथे आनुवंशिकी-शास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ साली चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीतले फक्त सर्वांत गरीब स्वभावाचे कोल्हे पैदाशीसाठी निवडायचे, एवढीच त्यात अट होती. रंगाकडे कुणी पाहिलेही नव्हते. तरीही आठ-दहा पिढ्यांत काही पिल्लांच्या कपाळावर पांढरी चांदणी उमटली. माणसाळण्याचा आणि या पेशींच्या प्रवासाचा संबंध असावा, असे मत त्यावरून पुढे आले. ते खरे असेल, तर जुईनगरच्या रस्त्यावरील कुत्र्याच्या छातीवरचा पांढरा डाग ही माणसाच्या फार जुन्या सोबतीची खूण ठरते.

मांजरांच्या बाबतीत तीनरंगी म्हणजे जवळजवळ नेहमी मादी, हे अनेकांना ठाऊक असते. तोच नियम कुत्र्याला लावून तिरंगी पिल्लाचे नाव आधीच राणी ठरवून टाकणारेही भेटतात. कुत्र्यांत असे काही नाही. मांजरांतला तांबूस रंग लिंगसूत्राशी बांधलेला असतो, कुत्र्यांतला नसतो. बीगल जातीतले नर-मादी दोन्ही सर्रास तिरंगी असतात.

पिल्लाचे नाव रंगावरून ठेवताना खरी अडचण निराळीच येते: रंग टिकत नाही. डाल्मेशियनचे पिल्लू जन्मतः पांढरे असते. ठिपके साधारण दोन आठवड्यांनी दिसू लागतात आणि पुढे कित्येक महिने वाढत राहतात. बीगलची अनेक पिल्ले काळी-पांढरी जन्मतात आणि तपकिरी रंग मागाहून उघडतो. यॉर्कशायर टेरियरचे काळेभोर पिल्लू मोठेपणी पोलादी करडे आणि सोनेरी होते. देशी कुत्र्यांतही पांढऱ्या पायांवर बारीक ठिपके उशिरा उमटतात, काळसर तोंडाचे पिल्लू वर्षभरात उजळते, आणि म्हातारपणी सगळ्यांचीच तोंडे पांढरी होतात. चट्ट्यांच्या कडा मात्र सहसा जागा सोडत नाहीत. म्हणून छटेवरून दिलेल्या नावापेक्षा चट्ट्यावरून दिलेले नाव टिकाऊ ठरते. ‘भुऱ्या’ पुढे भुरा राहीलच असे नाही, पण एक कान काळा असलेल्याचा तो कान काळाच राहतो.

अनेकरंगी कुत्र्याचे नाव रंगावरूनच ठेवण्याची रीत भारतात फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन कुत्र्यांचा उल्लेख येतो. ते सरमेचे पुत्र, चार डोळ्यांचे आणि शबल, म्हणजे चित्रविचित्र रंगाचे, आहेत. पुढच्या परंपरेत या दोघांना श्याम आणि शबल अशी नावेच मिळाली. एक काळा, दुसरा कबरा. वैश्वदेवातील श्वानबली आजही या दोघांच्या नावाने घातला जातो. चार डोळ्यांचा उलगडा अनेक अभ्यासकांनी भुवयांवरच्या बदामी ठिपक्यांनी केला आहे. असे ठिपके असलेला काळा कुत्रा झोपला, तरी लांबून डोळे उघडे असल्यासारखा दिसतो. जुईनगरात किंवा महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात असा कुत्रा शोधायला फार फिरावे लागत नाही.

हीच कल्पना पारशी धर्मातही आढळते. वेंदिदाद या ग्रंथात मृतदेह नेलेल्या वाटेवरून चार डोळ्यांचा पिवळा कुत्रा किंवा पिवळ्या कानांचा पांढरा कुत्रा फिरवण्याचे विधान आहे. मृताला कुत्र्याची नजर दाखवण्याच्या विधीला सगदीद म्हणतात. पारशांची ही श्रद्धा मुंबईच्या इतिहासातही नोंदली गेली आहे. भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध ६ जून १८३२ रोजी फोर्ट भागात दंगल उसळली. कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने शिपाई घरांत शिरून कुत्री ओढून नेत असल्याची तक्रार होती आणि विरोधात पारशी आघाडीवर होते. कुत्र्याच्या रंगाला धर्मात एवढे नेमके स्थान असलेला दुसरा समाज मुंबईत क्वचितच सापडेल.

मराठी परंपरेतली कुत्री बहुतेक बिननावाची आहेत. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री बसतात, त्यांना वेद म्हणतात, पण हाक मारण्याजोगे नाव एकालाही नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, त्या कुत्र्याचेही नाव कथेत येत नाही. महाभारतात युधिष्ठिरासोबत शेवटपर्यंत चाललेले कुत्रेही निनावीच. अपवाद वाघ्याचा. खंडोबाच्या भक्तांना वाघ्या म्हणतात. ते काही विधींत देवाच्या कुत्र्यांसारखे भुंकतात आणि कोटंबा या पात्रातली भिक्षा खातात. त्यामुळे ‘वाघ्या’ या नावाला पट्टेदार रंगाचा अर्थ आहे, तसाच देवाच्या सेवकाचाही. खंड्या हे नावही याच वाटेने आले असावे. रायगडावर शिवाजी महाराजांच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचे स्मारक १९३६ साली उभे राहिले. या कुत्र्याला समकालीन पुरावा नाही असा आक्षेप आहे. त्यावरून २०११ साली पुतळा हटवून पुन्हा बसवण्यापर्यंत प्रकरण गेले आणि २०२५ मध्ये वाद पुन्हा पेटला. इतिहासाचा निकाल काहीही लागो, महाराष्ट्रात कुत्र्याचे सर्वांत प्रसिद्ध नाव वाघ्या हेच राहिले आहे.

शेजारच्या कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे दहाव्या शतकाच्या मध्याचा एक वीरगळ सापडला. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने आपल्या सरदाराला दिलेला शिकारी कुत्रा रानडुकराशी झुंजताना मेला, त्याचे ते स्मारक आहे. त्या कुत्र्याचे ‘काळी’ हे नाव दगडात कोरलेले आहे. भारतात नावानिशी इतका जुना कुत्रा दुर्मीळच.

ग्रीक आणि रोमन लेखकांनी या विषयावर अक्षरशः पाठ लिहिले आहेत, आणि त्यांचे आपसांत मुळीच पटत नाही. शिकारीवर पुस्तक लिहिणारा झेनोफॉन सांगतो की चांगला शिकारी कुत्रा पूर्ण तांबूस, पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा असू नये. एकच रंग त्याला रानटीपणाचा वाटतो. नावे आखूड ठेवावीत म्हणजे चटकन हाक मारता येते, असे सांगून तो ४७ नावांची यादीच देतो. पहिल्या शतकातला रोमन कृषिलेखक कोलुमेला नेमके उलटे म्हणतो. मेंढपाळाचा कुत्रा पांढरा हवा, नाहीतर पहाटेच्या अंधुक उजेडात लांडगा समजून धनीच त्याला मारील. घराची राखण करणारा काळा हवा, दिवसा भयंकर दिसतो आणि रात्री चोराला दिसतच नाही. कबरा मात्र दोन्ही कामांना त्याला पसंत नाही. नावाबद्दलचा त्याचा सल्ला आजही पाळण्याजोगा आहे: नाव फार लांब नको आणि दोन अक्षरांपेक्षा आखूडही नको. ओव्हिदने ‘मेटामॉर्फसिस’ या काव्यात ॲक्टिऑन या पुराणकथेतल्या शिकाऱ्याच्या तिसांहून अधिक कुत्र्यांची नावे गुंफली. त्यात काजळी रंगावरून एक, पांढऱ्या केसांवरून एक, आणि स्टिक्टी म्हणजे ठिपकेवाली अशीही एक आहे. कुत्रीचे ‘ठिपकी’ हे नाव निदान दोन हजार वर्षे चालत आले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पुढेही जगभर तेच झाले. कोरियात काळ्या-पांढऱ्या कुत्र्याला बादुगी म्हणतात. बादुक या पटावरच्या खेळातल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून हे नाव पडले. तेथील १९४८ सालच्या शालेय वाचनमालेतल्या एका पुस्तकाच्या शीर्षकातच बादुगी आहे, त्यामुळे ते नाव घराघरात पोहोचले. इंग्रजीत स्पॉट आणि पॅच. गुजरातीत डाघियो. सोव्हिएत संघाने २७ ऑगस्ट १९५८ रोजी सुमारे ४५० किलोमीटर उंचीवर पाठवून सुखरूप परत आणलेल्या दोन कुत्र्यांची नावे बेल्यांका आणि प्योस्त्राया, म्हणजे पांढरी आणि कबरी. सोव्हिएत शास्त्रज्ञ कॅमेऱ्यात नीट दिसाव्यात म्हणून उजळ रंगाच्या कुत्र्या निवडत, हे लक्षात घेतले तर रंगावरून पडलेली ही नावे अगदी कामाची होती. अंतराळापर्यंत गेलेले अनेकरंगी कुत्र्याचे नावही शेवटी गल्लीतलेच निघाले.

इतका सगळा खटाटोप रंगासाठी चालतो, पण ज्याला नाव मिळते त्याला त्यातले काय दिसते? कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९८९ साली दाखवून दिले की कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. माणसात तीन असतात. त्यामुळे निळा आणि पिवळा त्याला चांगले वेगळे दिसतात, तांबडा आणि हिरवा मात्र मळकट पिवळसर छटांत मिसळून जातात. स्वतःच्या अंगावरचे तांबूस चट्टे त्याला तांबूस दिसत नाहीत. लाल्या हे नाव लाल्याच्या दृष्टीने निराधार आहे. रंगावरचे नाव माणसे माणसांसाठी ठेवतात.

कुत्र्याला उरतो तो आवाज. मेरिलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली कुत्र्यांना त्यांचे स्वतःचे नाव आणि त्याच चालीची दुसरी नावे, मागे माणसांच्या बोलण्याचा गलका चालू ठेवून ऐकवली. गलका नावाइतक्याच मोठ्या आवाजात असला, तरी कुत्री आपले नाव ओळखत होती. गलका नावापेक्षा वाढला की ओळख विरत जाई. पॅट्रिशिया मॅककॉनेल या वर्तनशास्त्रज्ञ बाईंनी १९९० मध्ये दाखवले की लहान, तुटक, पुन्हा पुन्हा काढलेल्या आवाजाने पिल्ले हालचाल करू लागतात, आणि एकच लांब, सलग आवाज त्यांना शांत करतो. मराठी घरांत कुत्र्याला बोलावताना ‘यू यू यू’ करतात, हाकलताना एकच ‘हाऽड’ म्हणतात. या रीतीला प्रयोगशाळेचा दाखला नंतर मिळाला.

या कसोटीवर मराठी नावे चांगली उतरतात. ठिपक्या लिहिताना तीन अक्षरे, पण बोलताना ठिप्-क्या अशी दोनच. बांड्या, कबऱ्या, वाघ्या, टिळ्या, खंड्या, सगळी दोनच घावांची. शेवटी दीर्घ आ असल्याने मैदानाच्या पलीकडून हाक ताणता येते. कोलुमेलाचा नियम महाराष्ट्रात कुणी न वाचता पाळला गेला, तो बोलीच्या सवयीमुळे. मादीसाठी ठिपकी, कबरी, चांदणी ही नावे शेवटच्या दीर्घ ई मुळे तितकीच सोयीची. त्या मानाने ‘मार्बल’ किंवा ‘पॅच’ यांचा शेवट व्यंजनावर होतो. ताणून हाक मारताना लोक आपोआप ‘पॅचूऽ’ करतात, म्हणजे नाव पुन्हा मराठी वळणावर येते.

अडचण शिकवणीच्या शब्दांची. मराठी बोलणाऱ्या घरांतही कुत्र्याला बहुधा इंग्रजीतच हुकूम देतात: सिट, स्टे, कम, नो. म्हणून बो, जो ही नावे टाळावीत, कारण ती ‘नो’सारखी ऐकू येतात. ‘किट’ आणि ‘सिट’ एकत्र नांदत नाहीत. हुकूम मराठीत दिले तर ‘बस’ आणि ‘बसू’ यांचा गोंधळ होतो. बांड्याच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. सोसायटीत कुणाच्या मुलाचे लाडाचे नाव बंड्या असेल, तर संध्याकाळी खाली मारलेल्या हाकेला दोघेही येतात.

जुईनगरची स्वतःची अट भाषेची आहे. सिडकोने घडवलेल्या इतर उपनगरांप्रमाणे येथेही मूळचे आगरी-कोळी, घाटावरून आलेले मराठी, मल्याळी, तमिळ, कन्नड, गुजराती आणि हिंदी भाषक एकाच जिन्यात राहतात. सोसायटीच्या कुत्र्याचे नाव यांतल्या प्रत्येकाच्या तोंडून निघायला हवे. ‘ठिपक्या’तला ठ दक्षिणेकडील अनेकांना जड जातो, त्याचा टिपक्या किंवा टिप्पू होतो. ‘कबरा’ मराठी, हिंदी आणि गुजराती तिन्हींत जवळपास त्याच अर्थाने चालतो, म्हणून मिश्र वस्तीत ते सर्वांत सोयीचे नाव आहे. तमिळ-मल्याळीतले पुळ्ळी आणि कन्नडमधले चुक्की, दोन्हींचा अर्थ ठिपका. त्यांतले चुक्की मराठी जिभेवर सहज बसते. नव्या पिढीचा कल खाऊच्या नावांकडे आहे. काळ्या-पांढऱ्या कुत्र्याचे ‘ओरिओ’ हे नाव त्या बिस्किटाच्या मागोमाग आले, आणि ते बिस्किट भारतात २०११ साली विक्रीला आले. ते नाव सोपे आहे, सगळ्या भाषांत एकच आहे, पण आता इतके झाले आहे की कुत्र्यांच्या दवाखान्यात हाक मारली तर एकाच वेळी दोन-तीन कान टवकारण्याची शक्यता असते. मराठीत मिसळ, भेळ, गोधडी, वाकळ, इरकल, खडी, रांगोळी अशी अनेकरंगीपणाच सांगणारी किती नावे पडून आहेत. तीनरंगी कुत्रीला ‘गोधडी’ म्हणणाऱ्याला यादी धुंडाळावी लागत नाही.

देवादिकांची, संतांची, नेत्यांची आणि शेजाऱ्यांची नावे कुत्र्याला देऊ नयेत, हे सांगण्याची गरज पडू नये. तरी पडते. सोसायटीतल्या भांडणांना कुत्रा हे निमित्त आधीच पुरते, त्यात नावाची भर नको.

रस्त्यावरच्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याला एकच नाव कधीच नसते. रात्रपाळीचा रखवालदार त्याला शेरू म्हणतो, चहावाला काळू, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मोत्या आणि शाळेतली मुले टायगर. कुत्रा चौघांनाही प्रतिसाद देतो, कारण त्याला कळतात ते आवाज आणि येणारी पोळी. प्रश्न उठतो तो लस आणि नसबंदीच्या वेळी. प्राणी जन्मनियंत्रण नियम १० मार्च २०२३ पासून नव्याने लागू झाले. त्यांनुसार भटक्या कुत्र्याला पकडून, शस्त्रक्रिया व रेबीजची लस देऊन, पकडले त्याच ठिकाणी परत सोडायचे असते. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कानाला खाच पाडतात. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके या आवारांतील कुत्र्यांना तेथून हलवून पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश दिला. जुईनगरसारख्या स्टेशनभोवती वाढलेल्या वस्तीत आता कोणता कुत्रा आवारातला आणि कोणता बाहेरच्या रस्त्यावरचा, हे सांगता येणे महत्त्वाचे झाले आहे. अशा वेळी शेरू, मोत्या, टायगर ही नावे निरुपयोगी ठरतात. ती कोणत्याही कुत्र्याची असू शकतात. ‘डाव्या डोळ्यावर काळा चट्टा, शेपटीचे टोक पांढरे’ असे वर्णन, आणि त्यातूनच निघालेले ‘एकडोळ्या’सारखे नाव, पकडणाऱ्या माणसालाही कळते, लस देणाऱ्यालाही आणि उद्या राहायला येणाऱ्या भाडेकरूलाही. म्हणून रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी रंगावरचे नाव हेच सर्वांत चांगले नाव आहे. घरातल्या कुत्र्यासाठी ते केवळ आवडीचा भाग.

अनेकरंगी कुत्र्यांपैकी काहींना कोणतेही नाव ऐकू येत नाही, हेही नामकरणातच सांगितले पाहिजे. पांढऱ्याचा पसारा डोक्यावर आणि कानांपर्यंत पोहोचलेल्या कुत्र्यांत बहिरेपण जास्त आढळते, कारण रंगद्रव्याच्या पेशी अंतर्कर्णातही लागतात. अमेरिकेतील पाहण्यांत डाल्मेशियनांपैकी जवळपास ३० टक्के एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे आढळले. मर्ल नावाचा, निळसर-करड्या पोतावर काळे तुकडे असलेला रंग आज महागात विकला जातो. तो पीएमईएल या जनुकातील बदलातून येतो. मर्ल नर आणि मर्ल मादी एकत्र आणले, तर सरासरी चारांतल्या एका पिल्लाला तो बदल दोन्हीकडून मिळतो. अशी पिल्ले बहुतेक पांढरी असतात, आणि बहिरी किंवा आंधळी होण्याचा धोका त्यांत मोठा असतो. रंगाच्या हौसेपायी अशी जोडी लावणे निव्वळ क्रूरपणा आहे. बहिऱ्या कुत्र्याला हाताची खूण हेच नाव म्हणून शिकवता येते. उघडा पंजा, अंगठा वर किंवा रात्री बॅटरीची एक चमक, यांतले एक ठरवून घरातल्या सर्वांनी तेच वापरायचे.

नाव बदलणेही अवघड नाही. आश्रयगृहातून किंवा दुसऱ्या घरातून आलेला मोठा कुत्रा नवे नाव शिकतो. मात्र नावामागोमाग खाऊ, कौतुक किंवा फेरफटका आला पाहिजे आणि रागाच्या वेळी ते नाव वापरू नये. जुन्या नावातला शेवटचा स्वर नव्यात ठेवला तर सोपे जाते. रॉकी असेल तर चुक्की चालेल. जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक शिकवणीचा असतो. या काळात नाव जितके जास्त कानावर पडेल तितके चांगले. पण घरातल्या पाच जणांनी पाच लाडकी नावे वापरली, तर पिल्लाच्या कानी नाव पडतच नाही, नुसता गलका पडतो.

नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत पाळीव कुत्र्यासाठी पालिकेचा परवाना घ्यावा लागतो आणि रेबीजची लस वेळेवर द्यावी लागते. लसीच्या कार्डावर नाव, जात, लिंग, जन्मतारीख यांच्या शेजारी रंगाचा रकाना असतो. अनेकरंगी कुत्र्याच्या कार्डावर तेथे बहुधा ‘मिक्स’ किंवा ‘मल्टी’ लिहून मोकळे होतात. कुत्रा हरवला की हा शब्द कुणाच्याही कामी येत नाही. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने घाबरून पट्टा तोडून पळालेली कुत्री दरवर्षी असतात आणि त्यांना शोधणाऱ्यांच्या हाती पहिल्यांदा हे कार्डच येते. त्या रकान्यात ‘काळाबांडा, उजवा कान बदामी, पुढचे दोन्ही पंजे पांढरे’ असे पुरते लिहावे, दोन्ही बाजूंचे आणि समोरचे छायाचित्र सोबत ठेवावे, आणि पट्ट्यावर नावाच्या खाली फोन क्रमांक असावा. मग नाव ओरिओ असले काय किंवा बांड्या असले काय, कुत्रा घरी पोहोचतो.